झोपाळू आल्विनचे गोल

आल्विन ड्युर रात्रभर क्नापमालकांच्या बेकरीत कणीक मळायचा आणि रविवारी दुपारी दुरलाखच्या संघाकडून सेंटर फॉरवर्ड म्हणून खेळायचा. शनिवारची रात्र सगळ्यांत मोठी, कारण रविवारी सकाळी गावाला दुप्पट पाव लागत. भट्टीचं काम उरकेपर्यंत चर्चच्या घंटा वाजू लागत. मग तो पिठाच्या पोत्यांवर जरासा आडवा व्हायचा, आणि डोळा लागतो न लागतो तोच लेनार्ट बेख्टोल्ड येऊन त्याला पाय धरून ओढायचा. "ऊठ रे पोत्या, गाव वाट बघतंय."

लेनार्ट कातड्याच्या कारखान्यात कामाला होता. तोंडाने फटकळ, पायाने चपळ. डाव्या कडेला तो खेळायचा.

मैदानावर आल्विन उभा राही तो अर्धवट झोपेतच. समोरची टुर्मबर्ग टेकडी जागच्या जागी तरंगत असे आणि माणसं पाण्याखालून चालल्यासारखी दिसत. लोकांचा गलका कुठल्या तरी दुसऱ्या गावाहून यावा तसा येई. चेंडू मात्र मोठा दिसायचा आणि संथ, परातीत फुगत आलेल्या कणकेसारखा. डावीकडून लेनार्टची हाक आली की पाय आपोआप निघत. मग कुठे तरी जाळं हलायचं, पाठीवर थापा पडायच्या. घरी जाताना तो लेनार्टला विचारायचा, किती झाले? लेनार्ट सांगायचा, तीन, आणि तिसरा तर मी तुला घास भरवावा तसा भरवला. समोरचे गोलरक्षक वैतागत. हा कुठे मारणार ते त्यालाच ठाऊक नसतं, तर आम्हाला कसं कळावं, असं त्यांचं म्हणणं.

एका वसंतात त्याला दक्षिणेच्या निवडक संघात बोलावणं आलं. सामना श्टुटगार्टला होता. निवडसमितीच्या मंडळींनी त्याला दोन दिवस आधीच नेऊन हॉटेलात ठेवलं. पिसांची गादी, वर तसंच जाड पांघरूण. आल्विन लहानपणानंतर पहिल्यांदाच पोटभर झोपला. सामन्यात त्याला सगळं लख्ख दिसलं, चेंडूची शिवण, गोलरक्षकाच्या मिशा, पहिल्या रांगेतल्या बाईच्या टोपीवरचं पाखरू. चेंडू पायाशी आला की तो विचार करू लागे, डाव्याने मारू की उजव्याने, आणि तेवढ्यात कोणी तरी चेंडू घेऊन गेलेला असे. पुन्हा बोलावणं आलं नाही.

"त्या शहाण्यांनी गादी दिली, तिथेच घोळ झाला," लेनार्ट म्हणाला. "तुला पोत्यांवरच निजवायला हवं होतं."

आल्विनला हसू आलं. पुढच्या रविवारी त्याने चार गोल केले म्हणे.

मग युद्ध आलं. दोघांनाही जावं लागलं. लेनार्ट फ्रान्सच्या पांढऱ्या मातीत कायमचा राहिला. आल्विन परतला तेव्हा बेकऱ्यांत रात्री काम करायला कायद्याने बंदी झाली होती. क्नापमालक कुरकुरत होते. आल्विन मात्र आता चारचौघांसारखा रात्री झोपू लागला.

मैदानात युद्धभर बटाटे लावले होते. ते काढून, जमीन दाबून पुन्हा सामने सुरू झाले. आल्विन मधोमध उभा राहिला, पूर्ण जागा. टेकडी आपल्या जागी घट्ट होती. डावीकडे कोणी नवा खेळाडू धावत होता, तो हाक मारत नसे. सगळा उन्हाळा गेला, एक गोल झाला नाही. शेवटी कॅप्टनने त्याला हळूच विचारलं, बचावात खेळशील का? तो हो म्हणाला. तिथे तो बरा खेळायचा, इतर दहाजणांसारखा.

लेनार्टची बहीण लिडिया पूर्वी दर रविवारी मैदानाच्या कडेला बांधलेल्या दोरापाशी उभी असायची. युद्धानंतर ती पहिल्यांदा आली ती शरद ऋतूत. सामना संपल्यावर दोघं फिन्त्स नदीच्या काठाने चालत निघाले.

"लेनार्ट खेळताना कसा दिसायचा रे?" तिने विचारलं. "तुझ्याइतकं जवळून त्याला कोणी बघितलं नाही."

आल्विन म्हणाला, "मला काही आठवत नाही, लिडिया. मी झोपेतच असायचो. नुसती त्याची हाक आहे कानात."

ती रागावेल असं त्याला वाटलं. ती चालता चालता थांबली. "मग ऐक," म्हणाली.

फोर्त्सहाइमविरुद्धचा सामना तिने सांगितला. पाऊस, चिखल, लेनार्ट घसरून गुडघ्यांवर पडलेला; तरी त्याने चेंडू पुढे ढकलला. आणि आल्विन अंधारात ओळखीचा जिना उतरावा तसा, खाली न बघता, चालत गेला आणि गोल. ऐकताना आल्विनला नदीकाठची झाडं हलकी होऊन तरंगल्यासारखी वाटली. पुढच्या रविवारी तिने दुसरा सांगितला, मग तिसरा. एकदा तर लेनार्टने डोक्याने गोल केल्याचं तिने सांगितलं. लेनार्ट भांग विस्कटेल म्हणून जन्मात कधी चेंडूला डोकं लावायचा नाही, हे आल्विनला पक्कं ठाऊक होतं. तरी "मग?" एवढंच त्याने विचारलं.

दोन वर्षांनी त्यांनी लग्न केलं. आल्विन पुढे बरीच वर्षं बचावात खेळला. एका दुपारी त्याला काय वाटलं कोण जाणे, आपली जागा सोडून तो पार पुढे गेला. चेंडू त्याच्या पायाशी आला. त्याने नीट बघितलं, नेम धरला आणि मारला. चेंडू गोलच्या कितीतरी वरून पलीकडच्या सफरचंदांच्या बागेत गेला. दोरापाशी लिडिया ओंजळीत तोंड लपवून हसत होती.

चेंडू आणायला तो स्वतःच गेला. ओल्या गवतात पडलेली सफरचंदं होती, त्यांवर गांधीलमाश्या घोंघावत होत्या. त्याने चेंडू उचलून सदऱ्याला पुसला. हे सगळं मला आठवणार, असं त्याच्या मनात आलं, आणि तो सावकाश मैदानाकडे वळला. तिकडे गोलरक्षक कमरेवर हात ठेवून त्याची वाट बघत होता.