खंडेनवमीची रायफल

मी थकलोय, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं माझा सूर चिडका वाटला तर कुणाला नवल वाटायला नको. पंचावन्न वर्षांचा आहे. लंडनच्या कडेला हॅरोला राहतो, रोज मेट्रोपॉलिटन लाइननं सिटीत जातो, एका विमा कंपनीच्या कंप्युटरांची निगा राखतो आणि अंधार पडल्यावर घरी येतो. यात कुणाचा दोष नाही. फक्त या सगळ्यात माझं स्वतःचं म्हणावं असं काही होतं, तर ती एक रायफल. ती वाचवायची की बायकोला, असा प्रश्न गेल्या शनिवारी माझ्यासमोर सोफ्यावर येऊन बसला.

रायफल म्हटलं की लोक जरा सरकून बसतात. तसं काही नाही. ली-एनफिल्ड, दुसऱ्या महायुद्धातली, लष्करानं जुना माल म्हणून कधीच विकून टाकलेली. मी ती साउथहॅम्प्टनकडच्या एका डीलरकडून घेतली तेव्हा तिची पार दैना झाली होती. हरणांच्या मागं धावणाऱ्या कुणा शहाण्यानं वजन कमी व्हावं म्हणून तिचं पुढचं लाकूड अर्ध्यावर करवतीनं कापलं होतं, आणि उरलेल्या लाकडावर घरातल्या दाराला मारतात तसलं चकचकीत व्हार्निश फासलं होतं. मला तिची दया आली. मला वस्तूंची दया लवकर येते, माणसांची उशिरा, असं वरदा म्हणते. वरदा म्हणजे माझी बायको.

दोन हिवाळे मी त्या रायफलीला दिले. तिच्या मापाचं जुनं अक्रोडाचं लाकूड शोधण्यातच पहिला गेला. मग व्हार्निश उतरवायचं, मुरलेलं काळं ग्रीस फडक्यांनी टिपून काढायचं. पॉलिशपेपर लावायचा नाही, कारण लाकडावरचे लष्कराचे शिक्के पुसले जातात. शेवटी जवसाचं तेल. थोडं तळहातावर घ्यायचं, हात गरम होईपर्यंत चोळायचं, वाळू द्यायचं, पुन्हा चोळायचं. ऑफिसात दिवसभर मी जे करतो ते संध्याकाळपर्यंत कुणीतरी बदललेलं असतं. इथं मी चोळलेलं तेल दुसऱ्या दिवशीही लाकडात असायचं.

घरभर वास. वरदा नाकाला पदर लावून म्हणायची, "तुमच्या लाडकीला तेल पाजून झालं असेल तर पोळ्या गरम आहेत." ती फोनमध्ये डोकं घालून बसलेली असायची आणि मी तेल लावता लावता बोलत असायचो. लाकडाला पाण्याचा थेंब लागला तर डाग पडतो. रायफल खाली ठेवताना बोल्ट, म्हणजे गोळी आत सारायचा खटका, उघडा ठेवायचा, म्हणजे आत काही नाही हे कुणालाही दिसतं. नळी नेहमी भिंतीकडं, माणसाकडं कधीच नाही. ती मान वर करायची नाही. भिंतीशी बोलावं तसं बोलत राहायची मला सवय झाली होती.

इथं रायफल ठेवायची म्हणजे पोलिसांचं लायसन्स लागतं. नेमबाजीच्या क्लबचं सभासदत्व लागतं, भिंतीला बोल्टांनी ठोकलेलं लोखंडी कपाट लागतं, आणि त्याची किल्ली कुठं आहे हे लायसन्सवाल्याशिवाय घरात दुसऱ्या कुणालाही ठाऊक असता कामा नये. बायकोलासुद्धा. लायसन्सिंगच्या मिसेस बार्लो पहिल्यांदा घर बघायला आल्या तेव्हा त्यांनी वरदाला विचारलं होतं, किल्ली कुठे असते माहीत आहे का? वरदानं दोन्ही हात झटकले होते, "नो नो, आय डोन्ट वॉन्ट टू नो!" तिचा तो आविर्भाव बघून बाई खूष झाल्या होत्या. मी किल्ली माझ्या बर्फातल्या बुटात ठेवत होतो.

यंदा नवरात्रात वरदा अचानक म्हणाली, "अहो, खंडेनवमीला तुमची रायफल काढू या का? माहेरी आमच्याकडे तलवार काढायचे. गंजून गेली होती, पण पूजा चुकायची नाही. इथे सुरीकात्रीचीच पूजा करते मी दरवर्षी."

माझा विश्वासच बसेना. म्हटलं, "काढू की! मी पाचला घरी येतो, मीच काढून देतो."

पाचला मी मीटिंगमध्ये होतो. सहालाही होतो. एखादी मीटिंग संपत आली की कुणालातरी एक क्विक पॉइंट सुचतो, तसा तो सुचला. उशीर होईल एवढा मेसेज टाकला आणि बसलो झालं.

घरी आलो तर उदबत्तीचा वास. वरदाचा चेहरा फुललेला. "उरकली हो पूजा! तुमची वाट बघून बघून शेवटी मीच काढली. परत ठेवलीसुद्धा, घाबरू नका."

"किल्ली कुठून मिळाली तुला?"

"बुटातून. अहो, या घराची धूळ मी पुसते. माझ्यापासून काय लपणार आहे?"

एवढ्यावर थांबलं असतं तर मी रात्रीतून किल्लीची जागा बदलली असती आणि गप्प बसलो असतो. पण तिनं फोन पुढं केला. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर फोटो: पाटावर रायफल, झेंडूची फुलं, निरांजन. खाली तिनं लिहिलं होतं, 'हे ऑफिसात अडकले, म्हणून शस्त्रपूजा मीच उरकली.' आणि त्याखाली सगळ्या लंडनचे जोडलेले हात.

मी नको नको ते बोललो. अक्कल गहाण टाकलीस का, पासून सुरुवात केली आणि तिच्या माहेरच्या तलवारीपर्यंत गेलो. तिनं फोटो काढून टाकला, आत जाऊन ताटं वाढली. 

पण असा फोटो एकदा सुटला की सुटला. कुणी पुढं पाठवला मला माहीत नाही, जाणून घ्यायची ताकदही नाही. आठवड्याभरात मिसेस बार्लोंचा फोन आला: शनिवारी सकाळी येते, दोघंही घरी असा.

शुक्रवारी वरदा माझ्यासमोर येऊन बसली. "हे बघा, सरळ सांगायचं. 'हिनं मला न विचारता किल्ली शोधली, मला पत्ताच नव्हता.' खरंच आहे ना ते? मग तुमचं लायसन्स वाचेल."

"आणि तुझं काय? लायसन्स नसताना तू रायफल हाताळलीस. गुन्हा आहे तो. तू शाळेत मुलांबरोबर काम करतेस, वरदा. पोलिसांच्या रेकॉर्डवर नाव गेलं तर शाळेसाठीचा तुझा पोलीस-चेक क्लिअर होईल का पुढच्या वेळी?"

"बघू. तुमची दोन वर्षं गेलीत त्यात." आणि उठून भांडी लावायला गेली.

मला मोह झाला. झाला नाही असं म्हटलं तर ते ढोंग होईल. तिचं म्हणणं खरंच होतं, आणि खरं बोलून माझी वस्तू माझ्याकडं राहणार होती. कदाचित ताकीद देऊन सोडतीलही तिला, असं मी स्वतःला पटवत राहिलो, आणि सकाळपर्यंत बरंचसं पटवलंही होतं.

मिसेस बार्लो आल्या, बूट काढून आल्या, चहा घेतला. बाई भल्या आहेत. त्यांनी फोटोखालच्या वरदाच्या ओळीचं भाषांतर करून घेतलं होतं आणि ते अवघडून वाचून दाखवलं. मग टॅब्लेट माझ्यापुढं धरला. "हाच तो फोटो, बरोबर?"

मी तो फोटो धड पाहिलाच नव्हता. त्या दिवशी मी ओरडण्यात गुंतलो होतो. आता पाहिला. रायफलीचा बोल्ट उघडा होता. नळी भिंतीकडं होती. खाली कोरडा टॉवेल चारपदरी घातला होता. लाकडावर हळदकुंकवाचा कणही नव्हता; बोटं टेकली होती ती दस्त्याच्या टोकाला असलेल्या पितळी पट्टीवर. फुलंसुद्धा ओली म्हणून लाकडापासून लांब, टॉवेलच्या कडेनं मांडली होती.

"मिसेसना किल्ली कशी मिळाली?" बाईंनी विचारलं.

वरदानं तोंड उघडलं. तिच्या आधी मी म्हणालो, "मी सांगितलं होतं. कुठे असते ते. पहिल्यापासून."

"नो, ही इज...," वरदा म्हणाली.

"वरदा, चहा दे त्यांना अजून."

मिसेस बार्लोंनी पेन खाली ठेवलं. "याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना? मग जबाबदारी सगळी तुमची. मला रायफल आजच न्यावी लागेल, आणि लायसन्स परत मिळेल अशी आशा मी तुम्हाला देणार नाही."

"कळतोय."

"मिसेसच्या बाबतीत मग मला काही करायची गरज दिसत नाही," त्या हळूच म्हणाल्या, आणि पुन्हा लिहू लागल्या.

मी कपाट उघडलं, बोल्ट उघडून दाखवला, रायफल तिच्या पिशवीत घातली, पावतीवर सही केली. गाडीपर्यंत ती मीच नेली. बाईंनी ती मागच्या बाजूला नीट आडवी ठेवली. गाडी वळणावरून गेल्यावर मी आत आलो तर वरदा पॅसेजमध्येच उभी होती, डोळे लाल.

"कशाला खोटं बोललात? वाचली असती ना ती."

मी विचारलं, "बोल्ट उघडा ठेवायचं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? तुम्हीच. रोज तेच तर सांगत होता."

"मला वाटायचं तू ऐकत नाहीस."

"ऐकायला मान वर करावी लागते का हो?"

मी जिन्याच्या पायरीवर बसलो आणि मला रडू आलं. रायफलीचं होतं, ते कशाला लपवू. पण नुसतं रायफलीचं नव्हतं. वरदा शेजारी येऊन बसली, पायरी दोघांना पुरत नव्हती, तरी बसली.