पांढरा शर्ट

"हात वर करा आणि सुटा एकदाचे. भूक लागलीय," रामसरूप म्हणाला. गयानाच्या साखरेची बाजू मांडता मांडता त्याचे केस पिकले होते.

हात वर झाले. युरोपशी होणाऱ्या व्यापाराच्या बोलण्यांत सगळ्या छोट्या देशांच्या वतीने बार्बाडोसची युडीन बोलणार, हे ठरलं. सेंट लुशियाच्या फिलोमेनने सर्वांत शेवटी हात वर केला, तोही कोपरापर्यंतच.

"पोरी, पूर्ण वर कर की! सांधे धरलेत का?" रामसरूपने टोमणा मारला. "हिची केळी, माझी साखर, युडीनची हॉटेलं. एका होडीत बसायचं आणि वल्ही मारायची आपापल्या किनाऱ्याकडे. आपलं हे असंच."

सगळे हसले. युडीनही हसली. तिला हसू शोभायचं, आणि नेमकं तेच फिलोमेनला सहन होत नसे.

आतल्या खोलीत हवं तेवढं भांडा, युरोपसमोर मात्र एकच तोंड, अशी रीत होती. या वेळी ते तोंड आपलं असावं, असं फिलोमेनला वाटत होतं. आज विषय केळ्यांचा होता. आणि पापांना जाऊन महिनाही झाला नव्हता.

पापा सेंट लुशियातल्या माबूया खोऱ्यात केळी पिकवायचे. घड उतरवायला दोघं लागतात. एक जण कोयत्याने कापतो, दुसरा खांद्यावर जाड गादी घेऊन खाली उभा राहतो. तो जरा सरकला की घड आपटतो, आणि काळं पडलेलं केळं बोटीवर कुणी घेत नाही. चिकाचे डाग कपड्यांवरून कधीच जात नाहीत. पापांना शवपेटीत ठेवताना घरात एकही बिनडागाचा शर्ट सापडला नाही. शेवटी वरून कोट चढवला.

फिलोमेनला त्यांनी कधी घडाखाली उभं राहू दिलं नाही. "तू शिक. हे आमचं काम." मग एकदा युडीन पाहुणी म्हणून आली, कोरा पांढरा शर्ट घालून. म्हणाली, "पापा, मी धरू?" आणि पापांनी हसत हसत गादी तिच्या खांद्यावर ठेवली. पुढे अंथरुणाला खिळल्यावरही विचारायचे, "ती बार्बाडोसची पोर येणार आहे का गं?"

चहाच्या सुट्टीत युरोपचा मुख्य अधिकारी व्हरांड्यात फिलोमेनजवळ आला.

"जकातीची सवलत सगळ्यांना नाही जमणार. तुमच्या केळ्यांना मात्र जास्त वर्षं देता येतील. तुम्ही फक्त आत म्हणा, केळ्यांचं आम्ही वेगळं बोलतो."

साखर एकटी पडली असती. युडीनचं हसू सर्वांसमोर मावळलं असतं. हा दुसरा विचार पहिल्याहून गोड वाटला, याची फिलोमेनला लाजही वाटली नाही.

दारात युडीन उभी होती. "काय म्हणत होता?"

"कॉफी पातळ आहे म्हणाला."

"फिलो, जायचं असेल तर आधी सांग हं. मला तोंडघशी नको पाडूस."

"मी कुठे जातेय?"

बैठक पुन्हा सुरू झाली. अधिकाऱ्याने केळ्यांचा कागद पुढे ओढला आणि युडीनला ओलांडून मागच्या रांगेकडे पाहिलं. "सेंट लुशियाचं मत जरा वेगळं असावं, असं मला वाटतं."

रामसरूपने चष्मा काढला. युडीन वळली नाही. तिची मान ताठ होती. उजवा खांदा तेवढा किंचित उचलला गेला होता, वजन येणार हे माहीत असल्यासारखा.

असं उभं राहायला तिला कुणी शिकवलं होतं, हे फिलोमेनला ठाऊक होतं. आत्ता आपण सरकलो तर घड आपटेल, हेही.

"आमचं मत युडीन सांगतील," ती म्हणाली. जास्तीची वर्षं त्याच क्षणी गेली.

युडीनने श्वास सोडला. "केळ्यांपासूनच सुरू करते. माबूयातल्या एका शेतकऱ्याने मला सांगितलं होतं, घड खाली येताना वर बघायचं नाही. बघितलं की पाय हलतात. आमची माणसं तशी उभी आहेत. त्यांना थोडा वेळ द्या."

पापा हे फिलोमेनला कधी बोलले नव्हते.

इतरांसारखंच तिने ते लिहून घेतलं. मग डावा हात उजव्या खांद्यावर नेला. शर्टाची शिवण बोटांना लागली. कापड इस्त्रीचं होतं, पांढरं, स्वच्छ.