मेव्हिस हात का हलवत होती

घरात बोलायला कुणी उरलं नाही की माणूस कशाशीही बोलू लागतो. कुणी टीव्हीशी, कुणी कुंड्यांशी. आमच्या मिल्ड्यूरा गावात राहणारी रेलीन पॅस्को सरड्याशी बोलत असे.

सरडा म्हणजे कुंपणावरचा नव्हे. हातभर लांब, वाळूच्या रंगाची, लठ्ठ मादी. मान फुगवली की या जातीच्या गळ्याखाली काटेरी दाढी उभी राहते, म्हणून आम्ही त्यांना दाढीवाले म्हणतो आणि परवाना काढून घरात पाळतो. रेलीनच्या नवऱ्याने, केव्हने, हिचं नाव मेव्हिस ठेवलं होतं, त्याच्या एका खाष्ट मावशीवरून. केव्ह जाऊन दोन वर्षं झाली. मेव्हिस मागे राहिली.

रोज सकाळी रेलीन चहा घेऊन पुढच्या खोलीत यायची आणि काचेच्या पेटीतला दिवा लावायची. ऊब लागली की मेव्हिस जागी व्हायची, काचेपाशी सरकायची आणि पुढचा एक पाय उचलून हवेत सावकाश फिरवायची. थेट टाटा केल्यासारखा. रेलीनही कप खाली ठेवून हात हलवायची. "गुड मॉर्निंग, राणी," म्हणायची. दिवसभरात तिला हात करणारं दुसरं कुणीच नव्हतं.

तसं आमचं गाव माणूसघाणं नाही. गाडीवाले येताजाता स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळखीच्याला नमस्कार करतात, अनोळखी असला तरी करतात. पण रेलीनने पुढच्या खोलीचे पडदे केव्हच्या अंत्यविधीच्या दिवशी ओढले, ते उघडलेच नव्हते. उन्हाने सोफा विटतो, असं ती सांगायची. खरं म्हणजे रस्त्यावरून जोडीने जाणारी माणसं तिला बघवत नव्हती. मुलगा देशाच्या दुसऱ्या टोकाला, पर्थला होता. रविवारी फोन करायचा, तोही गाडी चालवता चालवता.

त्या वसंतात तिच्या मनाने घेतलं, मेव्हिस एकटी पडली आहे. तिला जोडीदार हवा, पिल्लं हवीत.

गावातल्या बोल्स क्लबात, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवत म्हातारी मंडळी जमतात तिथे, तिने हे बोलून दाखवलं. बॅरी म्हणाला, "माझा ड्यूक रिकामाच बसलाय. शनिवारी आणून सोडतो. नवरदेवाला आहेर नको, नुसते किडे घाल." सगळे हसले. नॉर्माने एक पिल्लू मागितलं. मग आणखी पाचजणांनी मागितलं. रेलीन घरी आली ती पिल्लांची नावं ठरवतच.

बुधवारी ती उबवणीची पेटी मागायला कार्म व्हर्सीकडे गेली. तरुणपणी दोघी एकाच शेडमध्ये बेदाणे निवडत असत. कार्मचा नवरा गेला, द्राक्षबाग विकली, शेड उरली. त्या शेडमध्ये आता ती लोकांनी टाकून दिलेले सरडे सांभाळते.

"पेटी देते की," कार्म म्हणाली. "आधी माझे पाहुणे बघ."

चौदा पेट्यांमध्ये चौदा दाढीवाले होते. एकीला पुढच्या पायांना बोटंच नव्हती.

"भावंडांनी खाल्ली," कार्मने सांगितलं. "मालकाने वीस पिल्लं एकत्र ठेवली होती. एकमेकांच्या अंगावर चढून बसायची, तेव्हा तो फोटो काढायचा. काय प्रेम आहे बघा, म्हणायचा. प्रेम कसलं डोंबलाचं, दिव्याची ऊब हिसकावत होती."

"मी असं नाही होऊ देणार."

"तू नाहीच होऊ देणार. पण एका खेपेला वीस-पंचवीस अंडी, आणि नर एकदा भेटला की अशा दोन-तीन खेपा. तुझी मेव्हिस सहा वर्षांची पहिलटकरीण. तिच्या हाडांतलं सगळं अंड्यांत जाईल. जगली तर नशीब."

रेलीन म्हणाली, "उरलेली माळावर सोडीन की. त्यांचाच तर देश आहे."

"हेच म्हणून माणसं सोडतात. अगं, घरात जन्मलेल्याला ससाणा कशाशी खातात ते ठाऊक नसतं. आणि घरातलं दुखणं तो रानातल्यांना देऊन मरतो. कायद्याने बंदी आहे ती उगाच नाही."

"मग कुणी पिल्लं काढूच नयेत का?"

"काढावीत ना. माझ्या ओळखीचा एकजण काढतो, त्याला मी मानते. मादी तरणी आणि धडधाकट असेल तरच. आधी घरं पक्की करतो, मग जोडी लावतो. आणि आठ वर्षांनी कुणी सरडा परत आणला तरी दार उघडतो. तुझी सगळी परत आली, तर ठेवशील? तुझं वय अडुसष्ट. ती दहा-बारा वर्षं जगतात."

"सगळी कशाला परत येतील? क्लबात सहाजण तयार आहेत."

"मग आज जा आणि विचार. दिवा कुठे लावणार, किडे कोण आणणार, गावाला गेलात तर कोण बघणार."

रेलीनला राग आला होता. जाता जाता ती म्हणाली, "तू चौदा जणांत राहतेस, तुला काय कळणार. मेव्हिस एकटी आहे गं. रोज सकाळी मला हात करून बोलावते."

कार्मने विचारलं, "हात करते? खोलीत उजेड असतो का तेव्हा?"

"तिच्या दिव्याचा. पडदे बंदच असतात."

"बरं," कार्म म्हणाली. "उद्या सकाळी येते."

रेलीन तशीच क्लबात गेली. एकाला घर बदलायचं होतं. दुसऱ्याची बायको सरड्याला भ्यायची. नॉर्माने तर तिला बाजूला घेतलं. "खरं सांगू? आम्हाला कुणालाच पिल्लू नकोय. तू किती महिन्यांनी हसलीस त्या दिवशी. नाही म्हणायचं जिवावर आलं."

त्या दिवशी रेलीन जेवली नाही. लोकांनी आपली कीव केली, हे तिला फार लागलं. तरीही तिने बॅरीला नको म्हणून कळवलं नाही. लोकांना पिल्लं नको असली म्हणून काय झालं, मेव्हिसला हवी आहेत ना, असं तिचं अजून चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी कार्म आली तेव्हा खोलीत नेहमीचा अंधार होता. रेलीनने दिवा लावला. थोड्या वेळाने मेव्हिस काचेपाशी आली आणि पाय उचलून फिरवू लागली.

"बघ," रेलीन म्हणाली आणि तिने हात हलवला.

"गुडघ्यावर बस," कार्म हळूच म्हणाली. "झाकण उघड, डोकं आत घाल, आणि तिच्या बाजूने काचेत बघ."

रेलीनने तसं केलं. आत लख्ख उजेड, बाहेर अंधार. काचेत खोली दिसतच नव्हती, रेलीनची खुर्चीही दिसत नव्हती. दिसत होती ती दुसरी एक सरडी, तोंडासमोर तोंड आणून उभी, मेव्हिसचंच प्रतिबिंब.

"दुसरं दांडगं जनावर समोर आलं की ते असा पाय हलवतात," कार्म म्हणाली. "मी लहान आहे, मला मारू नकोस, असं सांगतात."

"म्हणजे मला नाही?"

"नाही गं."

"रोज सकाळी?"

"रोज."

दोन वर्षं! दोन वर्षं ती बिचारी रोज सकाळी गयावया करत होती आणि आपण चहा पीत तिला टाटा करत होतो. आणि शनिवारी तिच्या पेटीत खराखुरा दांडगा नर सोडणार होतो, तिच्या सुखासाठी!

रेलीन उठली आणि तिने पडदे सरकवले. कड्या गंजल्या होत्या, दोनदा ओढावं लागलं. ऊन थेट भिंतीपर्यंत आलं. काचेतली दुसरी सरडी नाहीशी झाली. मेव्हिसने पाय खाली ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि दगडावर जाऊन पसरली.

रेलीन सोफ्यावर बसून रडली. "मग आता मला सकाळी हात कोण करणार, कार्म?"

कार्मने चहा केला. दोघींनी तो सोफ्यावर शेजारी बसून घेतला. मग रेलीनने बॅरीला फोन लावून सांगितलं, "ड्यूकला घरीच ठेव. एकटी मेव्हिस नव्हती. मी होते."

आपल्यापैकी कितीजण असं करतात! कुत्र्याला एकदा तरी पिल्लं व्हावीत, मांजरीला सोबत हवी, असं म्हणतो आणि आपल्या रिकाम्या घराचं दुखणं मुक्या जिवाच्या गळ्यात बांधतो. पिल्लं काढणं हे पाप नाही. पण आपल्या एकटेपणाला औषध म्हणून कुणाला जन्माला घालू नये. आणि घालायचंच असेल, तर त्याच्या शेवटच्या दिवशी तो कुणाच्या घरात असेल, हे पहिल्या दिवशी सांगता आलं पाहिजे.

रेलीन आता दर गुरुवारी कार्मच्या शेडमध्ये जाते. बोटं नसलेल्या सरडीला भाजी चिरून भरवते. रोज सकाळी दिवा लावून ती मेव्हिससमोर बसते. मेव्हिस निवांत पडून असते, तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पाय काही उचलत नाही. पहिले काही दिवस रेलीनचा हात आपोआप वर जायचा आणि तसाच खाली यायचा.

मग एका सकाळी खिडकीबाहेरून बॅरीची गाडी गेली. पडदे उघडे बघून तो जरा हळू झाला आणि त्याने स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. रेलीनने कप खाली ठेवला आणि हात हलवला.