पाटीखालचं झुडूप

मित्रांनो, रोपवाटिकेच्या फाटकाजवळ गंजक्या कडांची एक पाटी मातीत रोवलेली दिसेल. ती मी. जन्माने मी तेलाच्या डब्याचा पत्रा. माळीबुवांनी मला ठोकून सपाट केलं आणि रंगाऱ्याकडून माझ्या अंगावर ठळक लाल अक्षरांत एकच शब्द लिहून घेतला: 'एक्झॉटिक'. हा शब्द त्यांनी कुठल्याशा मोठ्या दुकानात पाहिला होता. त्याचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता, रंगाऱ्याला नव्हता आणि मलाही नव्हता. पण आमच्या तिघांपैकी एकानेही तसं कबूल केलं नाही.

माळीबुवांनी अर्थ आपल्या मनानेच ठरवला: नाजूक. मग काय, माझ्याखाली जे रोप येई त्याचे लाडच लाड. ऊन नको, वारा नको, दिवसातून दोनदा पाणी. गिऱ्हाइकं मला वाचून थबकत आणि उगाच हळू आवाजात बोलत. मी अगदी फुगून गेले होते. माझ्या सावलीतली रोपं एकामागून एक माना टाकत होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

पुढे माळीबुवांचा मुलगा लग्न करून बायकोला घेऊन आला. तिचं माहेर समुद्रापलीकडे. सून चटपटीत, मातीत हात घालायला आसुसलेली. पण तिने झारी उचलली की माळीबुवा म्हणायचे, राहू दे गं, तुला झेपायचं नाही. त्यात दुष्टावा नव्हता, उलट मायाच होती. तिला बसायला खुर्ची मिळे, हातात आयता चहा मिळे. काम तेवढं मिळत नसे. ती माझ्याखाली बसून राही. शेजारी कुंडीत तिच्याच मुलखातलं लाल फुलांचं झुडूप होतं. तीन वर्षांत त्याला एक कळी आली नव्हती. ते जमिनीत लावू या, असं तिने सुचवून पाहिलं. परमुलखातलं झाड उघड्यावर मरेल, असं म्हणून माळीबुवांनी विषय मिटवला. त्या दुपारी तिने फोनवर आईला सांगितलं, की महिनाअखेरीस मी परत येते, इथं मी नुसती पाहुणी आहे. मला फार वाईट वाटलं.

एका सकाळी निवृत्त मास्तरीणबाई खत न्यायला आल्या. सुनेने माझ्याकडे बोट दाखवून त्यांना अर्थ विचारला. त्यात विचारायचं काय, नाजूक, असं माळीबुवांनी परस्पर सांगूनही टाकलं. मास्तरीणबाई हसल्या. हा मूळचा ग्रीक शब्द, त्या म्हणाल्या; 'एक्झो' म्हणजे बाहेर. लॅटिनमधून तो इंग्रजीत आला आणि परदेशातून आलेल्या वस्तूंना लोक तो लावू लागले. त्यातली अपूर्वाई मागाहून चिकटली.

"म्हणजे बाहेरचं, एवढंच?" माळीबुवांनी विचारलं.

"एवढंच. आणि गंमत बघा, हा शब्दही इंग्रजीत बाहेरूनच आला. वापरून वापरून तिथलाच झाला."

माळीबुवांनी झुडपाकडे पाहिलं, मग सुनेच्या रिकाम्या हातांकडे. कोपऱ्यातली कुदळ आणून त्यांनी तिच्यापुढे धरली.

"कुठं लावायचं, तूच दाखव."

तिने फाटकाजवळ खड्डा खणला. तळहातांना फोड आले, तरी माळीबुवा जिभेवर आलेलं 'राहू दे' गिळून गप्प उभे राहिले. वारा अडवायला तिने मला खिळ्यावरून काढून झुडपाच्या कडेला रोवलं. नव्या जागी झुडपाने आधी सगळी पानं गाळली. महिनाअखेर आली, तेव्हा सून म्हणाली, याला फुटवा येईपर्यंत थांबते. फुटवा आला, मग कळी आली, आणि तिने जायचं नावच काढलं नाही. आता रोज सकाळी पाणी तीच सोडते आणि चुकलं तर माळीबुवांनाही रागावते.

माझी अक्षरं उडाली आहेत. मला कुणी वाचत नाही. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला ते जिव्हारी लागलं. पण मित्रांनो, एक मागणं आहे. तुमच्या घरात, वर्गात कुणी नवं आलं, तर त्याला पाटी लावून कोपऱ्यात जपू नका. त्याच्या हातात काहीतरी काम द्या.

परवा माळीबुवा मला भंगारात द्यायला निघाले होते. सुनेने तेलाचा बोळा आणला आणि माझ्या कडा पुसायला घेतल्या.

"असू द्या, बाबा," ती म्हणाली. "वारा अडवायला लागते ती."