दोन्हीकडून आलेलं

दगडाबाईचा भाऊ त्रिंबक तेलगावहून सुपारी फोडायला आला, तेव्हा एरवी तिचे पाय जमिनीवर ठरले नसते. थोरली लेक शिवकन्या त्यानं सहा वर्षांपूर्वी मोठ्या मुलासाठी नेली होती, आता धाकट्यासाठी धाकट्या लेकीला, दिपालीला मागत होता. मामाचा हक्कच तो, त्याला नाही कोण म्हणणार?

पण आदल्याच दिवशी शिवकन्या बीडच्या डॉक्टर मॅडमकडून परस्पर माहेरी आली होती. तिची पाच वर्षांची वैष्णवी जन्मापासून बहिरी. पोटुशी असताना हिनं ग्रहणात वांगं चिरलं, म्हणून असं झालं, हे दगडाबाईनं लेकीला इतक्यांदा ऐकवलं होतं, की बिचारीनं उलट बोलणंच सोडलं होतं.

मॅडम म्हणाल्या, ग्रहणाचा काही संबंध नाही. प्रत्येक गुणाच्या दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडची, एक बापाकडची. बहिरेपणाची एकच आली तर दुसरी चांगली चिठ्ठी तिला दाबून ठेवते. माणसाला ऐकू येतं आणि आपल्यात काही आहे याचा जन्मभर पत्ता लागत नाही. दोन्हीकडून तीच आली, की मूल बहिरं. नवरा-बायको एकाच आजा-आजीची नातवंडं, तेव्हा तिथूनच ती दोघांत उतरली असणार.

माहेर तुटू नये म्हणून भावाच्याच घरी पोर द्यायचा हट्ट कुणी धरला होता? दगडाबाईनं.

"त्रिंबक, दिपाली तुज्या घरी न्हाई देणार मी."

"कावून? माज्या घरात खोट हाय का?"

"तुज्यात हाय, माज्यातबी हाय. आपल्या आईबापाकडून आली. त्यांनाबी ठावं नव्हतं."

त्रिंबक ताडकन उठला. "मग भाऊबीजेला माजी वाट बघू नकू!" आणि सुनेकडे वळून म्हणाला, "आईचे कान तूच भरलेस ना? चल घरी."

दगडाबाई मध्ये उभी राहिली. भावापुढे तिचा आवाज आजवर कधी चढला नव्हता.

"तिला एक शब्द बोलू नकूस. पाच वर्सं मीच बोलले. पोरीची काहीच चूक नव्हती, आन मी तिला जगू दिलं न्हाई."

शिवकन्येनं उचललेली पिशवी खाली ठेवली.

"मामा, तुमी व्हा फुडं," ती म्हणाली. "मी चार दिस आईपाशी राहते."

वैष्णवी झाल्यापासून ती माहेरी एका रात्रीच्या वर कधी थांबली नव्हती.