गिटारची तीन पट्ट्यांची मान

पांढुर्ण्याच्या ऑर्केस्ट्रात मुकुंद इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. मे महिन्यात गिटारची मान वाकली, तेव्हा तो सौंसरला गुणवंताभाऊ सुताराकडे गेला. भाऊंचा हात बैलगाड्यांवर बसलेला. नव्या मानेसाठी त्यांनी सागाच्या तीन पट्ट्या उभ्या चिकटवल्या, मधलीच्या लाकडाच्या रेषा मुद्दाम उलट्या दिशेनं ठेवल्या आणि वर बोटं फिरवायला शिसमाची पट्टी बसवली.

"एक बैल डावीकडे ओढते, दुसरा उजवीकडे. म्हणून तर गाडी सरळ जाते ना बाबू," ते म्हणाले.

गणपतीत मुकुंदनं ती गिटार मोहगावात वाजवली आणि मतांना ऊत आला. संगीताचे अरविंद सर म्हणाले, सांधलेल्या लाकडात सूर अडतो. संत्रेवाले रघुनाथराव म्हणाले, काहीतरीच! कलमाचंच झाड गोड फळ देते. ज्यांनी जन्मात गिटारला हात लावला नव्हता, त्यांचं मत सगळ्यात ठाम होतं.

दुसऱ्याच दिवशी मुकुंदनं ही सगळी मतं सौंसरला जाऊन भाऊंना ऐकवली. भाऊ फळीवर रंधा मारून राहिले होते.

"आता तुमचं सांगा. कसा वाटला आवाज?"

"मी कुठं ऐकला? मोहगाव काय लांब आहे? पण मले कोणी या म्हटलंच नाही."

मुकुंदनं घाईघाईनं खांद्यावरची गिटार काढली आणि तार छेडली. स्पीकर पांढुर्ण्यात राहिला होता. स्पीकरशिवायचा तेवढासा आवाज रंध्याच्या खरखरीत ऐकूच आला नाही.