दर्शनी भिंत

दुकान वाचलं म्हणून मुख्य रस्त्यावरचे लोक बटणवाल्या काकूंचं अभिनंदन करत होते. वारसा यादीत नोंद होऊन वाचली होती फक्त समोरची नक्षीदार भिंत. मागचं सगळं पाडायला जागेचा मालक मोकळा होता.

"आतलंही नोंदवा की हो," काकू पाहणी अधिकाऱ्याला म्हणाल्या.

"पाहणीच्या दिवशी तुम्ही आम्हाला पायरीवरच चहा पाजलात, काकू. आत घेतलंत कुठे?"

घेतलं नव्हतंच. पोपडे धरलेल्या भिंती आणि अर्धी रिकामी फडताळं परक्या माणसाला दाखवायची त्यांना लाज वाटली होती.

आज त्यांनी दार सताड उघडलं. बटणांच्या सागवानी खणांवरून हात फिरवत अधिकारी माळ्याच्या वळणदार जिन्यापाशी गेला आणि थबकला.

"असा जिना मी कुठेच पाहिला नाही. हा तेव्हा दाखवायचा होतात!"

"मग आता लिहा."

"आता कसं लिहू? यादीचा आदेश निघालाय."

बाहेर ट्रक येऊन थांबला. मजुरांना वाट द्यायला काकू बाजूला झाल्या. मुकादम ओरडला, "पुढच्या भिंतीला धक्का लावू नका रे, ऐतिहासिक आहे ती!"

मग पहिला घाव जिन्यावर पडला.